पोर्ट करण्याआधी: रेंज, खर्च आणि कस्टमर केअरची तुलना नेमकी कशी करायची

"कुठल्या कंपनीचं नेटवर्क सगळ्यात चांगलं?" या प्रश्नाचं ठाम उत्तर कुणी दिलंच, तर त्याचं घर त्या कंपनीच्या टॉवरजवळ असावं एवढाच अर्थ घ्यायचा. देशात पहिल्या नंबरावर असलेल्या कंपनीची रेंज तुमच्या बेडरूममध्ये येत नसेल, तर तो पहिला नंबर तुमच्या काय कामाचा? तुमच्या चार-पाच जागांवर, तुमच्या वापराच्या वेळेला, तुमच्याच हँडसेटवर कोण चालतं, हे तपासणं म्हणजे खरी तुलना. नकाशे, रँकिंग, मित्रांचे अनुभव यांचा उपयोग नावं गाळण्यापुरता. शेवटची निवड जागेवर सिम घालूनच करायची.

आधी तुमची यादी

कागदावर दोन रकाने काढा. पहिल्यात जागा लिहा, पण नुसतं "घर" आणि "ऑफिस" लिहून भागत नाही. घरात तुम्ही फोनवर जिथे बोलता तो कोपरा, ऑफिसातली मीटिंगची खोली, पार्किंगचं तळघर, रोजच्या प्रवासाचा रस्ता, महिन्यातून एकदा जाता ते गाव, असं नेमकं लिहा. गॅलरीत उभं राहून सगळ्यांचीच रेंज चांगली दिसते. खरी परीक्षा आतल्या खोलीत, दार लावून.

दुसऱ्या रकान्यात वापर. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याला किती डेटा गेला ते दिसतं. मागच्या तीन महिन्यांचे आकडे घ्या, त्यातला सर्वांत मोठा धरा आणि वाय-फायवर झालेला वापर त्यात मिसळू नका. लोक आपला वापर बऱ्याचदा जास्त समजतात आणि त्या भीतीपोटी मोठा प्लॅन घेतात. अंदाजासाठी: हलक्या दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण १ जीबी खातो, एचडी व्हिडिओ ३ जीबीपर्यंत जातो, आणि गाणी तासभर ऐकली तर शंभर एमबीच्या आसपास काम भागतं. हॉटस्पॉट, परदेशातले कॉल आणि रोमिंग लागत असेल तर तेही इथेच लिहा, कारण प्लॅनच्या बारीक अक्षरात नेमक्या याच गोष्टी अडकवतात.

नकाशा किती खरा मानायचा

कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेज नकाशा म्हणजे मोजमाप नव्हे, गणित असतं. टॉवरची उंची, फ्रिक्वेन्सी, डोंगर-दऱ्या घालून संगणक अंदाज काढतो, आणि तो बहुतेक वेळा घराबाहेरचा असतो. हा अंदाज किती चुकू शकतो याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, काही कंपन्यांच्या ४जी नकाशांची प्रत्यक्ष गाडी फिरवून चाचणी घेतली. डिसेंबर २०१९च्या अहवालानुसार नकाशाने सांगितलेला किमान डाउनलोड स्पीड फक्त ६२.३ टक्के चाचण्यांमध्ये मिळाला.

जाहिरातीतला "९९ टक्के" हा आकडाही नीट वाचा. तो बहुधा लोकसंख्येचा असतो, जमिनीचा नाही. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा ही मोबाइल कंपनी ९९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येपर्यंत पोचते, पण सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरच्या त्या देशात तिचं जाहीर केलेलं क्षेत्र तीस लाखांच्या आसपास आहे. तो आकडाही बाहेरची अँटेना गृहीत धरून काढलेला आहे, यावरून २०२५मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीने चांगलाच वाद घातला. शहरात राहणाऱ्याला याने फरक पडत नाही. आडरस्त्याने फिरणाऱ्याला पडतो.

कंपनीच्या नकाशाशेजारी ओपनसिग्नल, ऊक्ला किंवा एनपर्फ यांचे, वापरणाऱ्यांच्या फोनमधून जमा झालेले नकाशे ठेवून बघा. तुमच्या भागात ठिपके विरळ असतील तर त्यावर निष्कर्ष काढू नका. इथवर आल्यावर दोन, फार तर तीन नावं उरायला हवीत.

सिम न घेता करायची तपासणी

ही युक्ती फुकट आहे आणि फारसं कुणी वापरत नाही. ज्या जागेची शंका आहे तिथे उभं राहून फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ऑपरेटरची निवड "ऑटोमॅटिक"वरून काढा. फोन एक-दोन मिनिटं आजूबाजूला शोध घेतो आणि तिथे ऐकू येणाऱ्या कंपन्यांची यादी दाखवतो. शोध चालू असताना नेट बंद पडतं, घाबरू नका. यादीत नाव आलं म्हणजे रेंज चांगली आहे असं नाही, पण त्याच खोलीत दोन-तीन वेळा शोधूनही एखादं नाव आलंच नाही, तर त्या कंपनीचा विचार तिथेच थांबवायला हरकत नाही. काम झालं की निवड परत "ऑटोमॅटिक"वर न्या. हे विसरलात तर पुढच्या प्रवासात फोन मुका.

आणखी एक खूण. तुमच्या कंपनीची रेंज गेल्यावर स्क्रीनवर काय येतं ते बघा. "नो सर्व्हिस" आलं तर तिथे कुणाचाच सिग्नल पोचत नसण्याची शक्यता मोठी. "फक्त इमर्जन्सी कॉल" आलं, तर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर फोनला ऐकू येतोय, कारण आणीबाणीचा कॉल कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून लावायची सोय फोनमध्ये असते. म्हणजे त्या जागी पर्याय आहे.

दांड्या मोजू नका, डीबीएम बघा

स्क्रीनवरच्या चार दांड्यांना कुठलंही ठरलेलं माप नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. २०१०मध्ये आयफोन ४च्या तक्रारी वाढल्यावर ॲपलने जाहीरच केलं, की दांड्या काढण्याचं आपलं सूत्र पूर्णपणे चुकीचं होतं आणि बऱ्याचदा दोन दांड्या जास्त दिसत होत्या. तेव्हा तुमच्या तीन दांड्या आणि शेजाऱ्याच्या दोन दांड्या यांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही.

खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजण्याच्या एककात असतो. अँड्रॉइडमध्ये "अबाउट फोन"मधल्या सिम स्टेटसमध्ये तो सापडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. हा आकडा उणे असतो, त्यामुळे उणे ८५ हा उणे ११०पेक्षा कितीतरी चांगला. ४जीसाठी ढोबळ अंदाज असा: उणे ९५च्या वर असेल तर निर्धास्त राहा, उणे ९५ ते उणे १०५मध्ये काम चालतं, उणे ११५च्या खाली गेलात की कॉल तुटायला आणि बॅटरी उतरायला लागते. मोजपट्टी सरळ नाही. १० डीबीएमचा फरक म्हणजे सिग्नलच्या ताकदीत दहापट फरक. "फक्त दहाने कमी आहे" म्हणून सोडून देऊ नका.

घराबाहेर उणे ८५ आणि आत उणे ११२ का, याचं उत्तर बहुधा फ्रिक्वेन्सीत आणि भिंतीत असतं. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंती बऱ्यापैकी पार करतात. ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचं ५जी स्पीड भरपूर देतं, पण काँक्रीटपुढे आणि धातूचा मुलामा असलेल्या काचेपुढे दमतं. म्हणूनच रस्त्यावर ५जीचा झेंडा मिरवणारी कंपनी घरात मार खाते, आणि खालच्या बँडवर, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, ४जी नीट पसरलेली कंपनी तिथे टिकते.

आयकॉनवरही विसंबू नका. अमेरिकेत एटी अँड टीने २०१९मध्ये सुधारित ४जीवर चालणाऱ्या फोनवर "५जी ई" असा आयकॉन दाखवायला सुरुवात केली होती. २०२०मध्ये तिथल्या जाहिरात स्व-नियमन मंडळाने कंपनीला जाहिरातीत ते नाव वापरणं थांबवायला सुचवलं.

दुसरं सिम घालून प्रत्यक्ष चाचणी

आता खरं काम. उरलेल्या कंपनीचं सर्वांत लहान मुदतीचं प्रीपेड सिम घ्या, किंवा मिळत असेल तर ट्रायलचं ई-सिम. जुना नंबर जिथे आहे तिथेच राहू द्या. दोन सिम एकाच फोनमध्ये असली की हँडसेटच्या फरकाचा प्रश्न मिटतो. मात्र काही जुन्या ड्युअल सिम फोनमध्ये दुसरा स्लॉट कमी दर्जाच्या नेटवर्कवर चालतो, तेव्हा शंका आली तर सिमची अदलाबदल करून बघा.

यादीतल्या प्रत्येक जागेवर, दोन्ही सिमवर, तीन गोष्टी नोंदवायच्या: डीबीएम, दोन-तीन मिनिटांचा साधा कॉल, आणि स्पीड. वेळा दोन तरी हव्यात, एक सकाळी निवांत आणि एक रात्री आठ ते अकराच्या गर्दीत. माझ्या मते सकाळची चाचणी वगळली तरी चालेल, रात्रीची नाही. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. सकाळी पळणारं नेट रात्री रांगत असेल, तर तुम्हाला मिळणारं नेट म्हणजे ते रात्रीचं.

स्पीड टेस्ट करताना दोन्ही सिमसाठी एकच सर्व्हर निवडा, नाहीतर तुलना भलत्याच गोष्टीची होते. ५जीवर एक चाचणी काहीशे एमबी सहज खाते, त्यामुळे छोट्या पॅकवर दिवसभर तेच करत बसू नका. डाउनलोडचा मोठा आकडा बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. एचडी व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, पण ते अपलोडलाही लागतात. घरात रेंज कमी पडली की बऱ्याचदा आधी अपलोडच बसतं: तुम्हाला समोरचा स्वच्छ दिसतो आणि त्याला तुमचा आवाज तुटक येतो. म्हणून अपलोडचा आकडा आधी वाचा. त्यानंतर रोजचं काम करून बघा, जसं मोठी फाइल पाठवणं किंवा प्रवासात चालू कॉल ठेवणं.

कॉल एकदा एका जागी उभं राहून करायचा, मग चालत चालत करायचा. कॉल लागायला वेळ लागतोय का, आणि लागताना नेटवर्कची खूण ४जीवरून २जी किंवा ३जीवर पडतेय का, ते बघा. ४जीवर साधा कॉल जाण्यासाठी व्होल्टी लागतं, आणि ते फोन आणि कंपनी दोघांनी मिळून चालवावं लागतं. ही बाब किती गंभीर होऊ शकते ते ऑस्ट्रेलियात दिसलं: २०२४मध्ये तिथलं ३जी बंद झालं तेव्हा ४जीवर आणीबाणीचा कॉल करू न शकणारे हँडसेट कंपन्यांना नेटवर्कवरून काढावे लागले. त्यामुळे परदेशातून आणलेला किंवा जुना फोन असेल तर तुमचं मॉडेल त्या कंपनीच्या व्होल्टीच्या यादीत आहे का आणि तिचे बँड त्याला चालतात का, हे सिम घेण्याआधीच बघा. वाय-फाय कॉलिंगचंही विचारा. घरात वाय-फाय आहे आणि रेंज नाही, अशांचा अर्धा प्रश्न एवढ्यानेच सुटतो आणि कंपनी बदलायची गरजही उरत नाही.

एक जाताजाता: दुसरा नंबर "बॅकअप" म्हणून ठेवणार असाल तर दोन्ही कंपन्यांची उपकरणं तुमच्या भागात एकाच मनोऱ्यावर तर नाहीत ना, ते बघा. असतील तर मनोऱ्याची वीज गेली की दोन्ही एकदम जातात. सेलमॅपरसारख्या ॲपवर याचा अंदाज येतो.

खर्च: पॅकची किंमत नाही, वर्षाची

पॅकची किंमत भागिले दिवस, गुणिले ३६५. एवढं एकच गणित सगळ्या प्लॅनना लावा. २८ दिवसांचा पॅक वर्षात तेरा वेळा भरावा लागतो. तो "महिन्याचा" समजून बारांनी गुणलंत तर हिशोब आठ टक्क्यांहून जास्त चुकतो, आणि शेजारी ठेवलेला खऱ्या महिन्याचा प्लॅन विनाकारण महाग दिसतो.

रोज २ जीबी आणि एकरकमी डेटा यात कागदावर रोजचा प्लॅन मोठा दिसतो: २८ दिवसांत ५६ जीबी. पण रात्री बारा वाजता उरलेला डेटा जातो. आठवडाभर वाय-फायवर राहणाऱ्या आणि रविवारी प्रवासात ५ जीबी उडवणाऱ्या माणसाला रोजचा कोटा सहा दिवस वाया जातो आणि सातव्या दिवशी पुरत नाही. त्याने एकरकमी घ्यावा.

"अनलिमिटेड" शब्द दिसला की पुढचं वाक्य शोधा. कोटा संपल्यावर स्पीड किती? ६४ केबीपीएस असेल तर सेकंदाला ८ केबी. २ एमबीचा एक फोटो यायला चार मिनिटांहून जास्त लागतील. तांत्रिकदृष्ट्या नेट चालू, प्रत्यक्षात बंद. त्यापेक्षा १ किंवा २ एमबीपीएसवर आणून सोडणारा प्लॅन शंभर पटींनी बरा, जाहिरातीत त्याचा कोटा कमी दिसला तरी.

पोस्टपेडमध्ये आणखी खणावं लागतं. कर धरून किंमत किती, सुरुवातीची सवलत कधी संपते, उशिराचा दंड, मध्येच सोडलं तर काय, दरवर्षी दर वाढतो का. ब्रिटनमध्ये कंपन्या करारात "महागाई दर अधिक काही टक्के" असं लिहून ठेवायच्या. तिथल्या ऑफकॉम या नियामकाने १७ जानेवारी २०२५पासून नव्या करारांत ते बंद केलं, वाढ करायची तर पौंड-पेन्समध्ये आधीच लिहावी लागते. तुमच्याकडे असा नियम नसेल तर कराराचं ते कलम स्वतः शोधा. हप्त्यावर फोन मिळत असेल तर फोनची बाजारातली किंमत वजा करून बघा. बऱ्याचदा "फुकट" फोन प्लॅनच्या पोटात बसवलेला असतो, आणि वर तो कंपनीला लॉकही असतो, म्हणजे त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही.

दुसऱ्याच्या नेटवर्कवर चालणाऱ्या छोट्या कंपन्या, ज्यांना एमव्हीएनओ म्हणतात, जिथे असतील तिथे त्यांचा विचार जरूर करा. टॉवर तोच, किंमत कमी. फक्त गर्दीच्या वेळी मूळ कंपनीच्या ग्राहकांना आधी जागा आणि यांना नंतर, असं काही करारांत असतं. वर सांगितलेली रात्रीची चाचणी इथे तर टाळूच नका.

कस्टमर केअर ग्राहक होण्याआधी तपासा

सेल्सच्या नंबरवर फोन लगेच उचलतात, त्यावरून काही ठरवू नका. तक्रारीच्या नंबरवर रविवारी संध्याकाळी लावा. माणसाशी बोलायला किती बटणं दाबावी लागतात ते बघा. मग एकच अवघड प्रश्न विचारा, उदाहरणार्थ: "फोन हरवला तर त्याच नंबरचं सिम किती वेळात मिळेल, आणि रात्री ते बंद कुठून करायचं?" हाच प्रश्न चॅटवरही विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर बिलाच्या भानगडीतही तसंच होणार असं समजा. चॅटचा स्क्रीनशॉट ठेवा.

तक्रारींची आकडेवारी बघताना एकूण तक्रारी बघू नका, मोठ्या कंपनीच्या जास्तच असणार. ऑफकॉम दर तिमाहीला "दर एक लाख ग्राहकांमागे किती" असा आकडा देतं, तुलना तशीच व्हायला हवी. ऑनलाइन अभिप्रायांत एक तारा आणि पाच तारे दोन्ही सोडा. दोन-तीन तारे देणारे लोक नेमकं काय अडलं ते लिहितात. त्यात रेंजच्या तक्रारी असतील तर त्या त्यांच्या जागेच्या, तुम्हाला लागू होतीलच असं नाही. बिलात न मागितलेली सेवा लागणं, बंद केलेलं कनेक्शन चालूच राहणं, पैसे परत न येणं, या तक्रारी मात्र सगळीकडे सारख्याच लागू.

सध्याच्या कंपनीला सोडण्याआधी तिला एकदा नीट तक्रार करून बघा, कारण "नेट स्लो आहे" या तक्रारीवर "फोन रीस्टार्ट करा" यापलीकडे काही मिळत नाही. अशी लिहा:

"१२ तारखेपासून रोज रात्री ८ ते ११, घरी, दुसरा मजला. ४जी, सिग्नल उणे ९२ डीबीएम. डाउनलोड ०.६ एमबीपीएस. त्याच जागी सकाळी ७ वाजता २५ एमबीपीएस. दुसऱ्या हँडसेटमध्ये सिम घालूनही तेच. तक्रार क्रमांक द्यावा."

सिग्नल चांगला आणि फक्त रात्रीच स्पीड नाही, म्हणजे टॉवरवर गर्दी आहे, हे वाचणाऱ्याला कळतं आणि हँडसेटवर ढकलायची सोय उरत नाही. तक्रार क्रमांकाशिवाय फोन ठेवू नका. वरच्या पायरीवर, मग लोकपाल किंवा नियामकाकडे जायचं झालं तर तोच क्रमांक लागतो.

पोर्टचा दिवस

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय सिंगापूरने १९९७मध्ये सुरू केली, अमेरिकेत ती २००३मध्ये आली, भारतभर जानेवारी २०११मध्ये. प्रत्येक देशाची पद्धत आणि मुदत वेगळी आहे, पण अडचणी सगळीकडे त्याच. जुनं कनेक्शन आधी बंद करायचं नाही, नंबर हातचा जाऊ शकतो. थकबाकी भरून टाकायची. कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचीच कागदपत्रं लागतात, आणि घरातले नंबर भलत्याच नावावर असल्याचं नेमकं त्याच दिवशी कळतं, तेव्हा आधीच बघून ठेवा. प्रीपेडची शिल्लक सहसा नवीन कंपनीत येत नाही, पॅक संपत आला असताना अर्ज केलेला बरा. कंपनीला लॉक असलेला फोन आधी अनलॉक करून घ्यायचा. नंबर हलवण्यासाठी मिळणारा पोर्टिंगचा कोड ओटीपीसारखाच जपायचा: तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागला, तर तुमचा नंबर पळवला जाऊ शकतो.

नंबर हलताना मध्ये काही तास फोन मुका राहू शकतो. सिम बदलल्यावर काही बँका थोडा काळ व्यवहार अडवतात. म्हणून मोठं पेमेंट, परीक्षा किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी पोर्ट करू नका. परत फिरणंही लगेच शक्य नसतं. भारतात एकदा पोर्ट केल्यावर ९० दिवस पुन्हा पोर्ट करता येत नाही, आणि दुसऱ्या सिमवर चाचणी करण्यावर एवढा भर देण्याचं कारणही तेच.

नंबर चालू झाला की सेटिंगमध्ये व्होल्टी आणि वाय-फाय कॉलिंग चालू आहे का बघा, बँकेचा एक एसएमएस येतोय का तपासा, आणि जुन्या कंपनीचं ऑटो-पे बंद करा. ते आपोआप बंद होईल असं धरून चालू नका. नवीन कंपनीचं पहिलं बिल आलं की ठरलेल्या प्लॅनच्या स्क्रीनशॉटशी ओळ न ओळ ताडून घ्या; फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी कळवा.